ओ निगेटिव्हच्या लिस्टीतले भाऊ

कोरपन्याकडच्या आमच्या सिमेंट कारखान्यात कावळासुद्धा पांढरा असतो. खोटं वाटत असेल तर येऊन बघा, फक्त येताना तोंडाला रुमाल बांधा. मी तिथे ऑफिसात बाबू. टपाल, हजेरी, साहेबांचा चहा आणि ईमेल, सगळं माझ्याच टेबलावर. टेबल एवढं लांब, की या टोकाला पाऊस लागला तरी त्या टोकाला ऊन असतं. आणि मी थापा मारतो, हे राजुऱ्यापासून मुलचेऱ्यापर्यंत जगजाहीर आहे. मी "वाघ दिसला" म्हटलं, की लोक बकऱ्या घेऊन मुद्दाम त्याच वाटेनं जातात.

तर माझ्या ताब्यात ईमेलचं ॲड्रेस बुक होतं. कसलं ॲड्रेस बुक, जंगलच ते! माझ्या आधीच्या बाबूंनी लावलेलं, कोणी कधी न छाटलेलं. एकाच साहेबाचे चार पत्ते, बंद पडलेल्या दुकानांचे पत्ते, आणि 'सगळे' नावाचा एक ग्रुप, ज्यात खरोखरच सगळे होते. एकदा भट्टीवरच्या एकानं पोट बिघडल्याचा रजेचा अर्ज चुकून 'सगळे'ला पाठवला. संध्याकाळपर्यंत त्याला मुंबईहून ओव्याचा काढा, राजस्थानातून हिंगाची गोळी आणि एका मशीन विकणाऱ्या कंपनीकडून नव्या पंपाचं कोटेशन आलं.

पण या जंगलात एक वाट साफ होती. रक्ताचे ग्रुप. आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण घरटी म्हणावे इतके. रक्त लागायचंच. भट्टीजवळ मोबाइल नेऊ देत नाहीत, पण प्रत्येक खात्यात कॉम्प्युटर चालू असतो. आणि गावांत फोनला रेंज मिळेल न मिळेल, मेल मात्र रेंज आली की येऊन पडतो. म्हणून प्रत्येक रक्तगटाची एक मेलिंग लिस्ट केलेली. कारखान्याबाहेरचेही त्यात होते. राजुऱ्याचे एक गुरुजी होते, एक एसटीचे कंडक्टर होते. एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, पण रक्त एक.

नियम एकच होता. मेल आला की जो जाणार त्यानं सगळ्यांना उत्तर टाकायचं. पहिलं उत्तर ज्याचं, तो जाणार. बाकीच्यांनी कामावर राहायचं. हा नियम झाला, कारण पूर्वी एका बाटलीसाठी अख्खी बसभर माणसं चंद्रपूरला गेली होती आणि पेशंटच्या बापाला सगळ्यांना नाश्ता खाऊ घालावा लागला होता.

ओ निगेटिव्हच्या लिस्टीत पहिलं उत्तर नेहमी एकाच माणसाचं असायचं. फिटर भाऊ. उंच, काळेशार, हाताला कायम ग्रीस. मेल पडला की यांचं उत्तर हजर: "येऊन राह्यलो." एवढंच. पुढे नाव नाही, मागे नमस्कार नाही. मी म्हणायचो, "भाऊ, तुमच्या अंगात रक्त हाये का नळ हाये?" ते म्हणायचे, "तुह्या जिभेसारखं हाये बाबू. कितीबी काढलं तरी सरत नाई."

सरलं. उन्हाळ्यात छाती दुखली म्हणून बसले, ते उठलेच नाहीत.

आता लिस्टीतून नाव काढायचं काम माझं. पण आमच्याकडे माणूस गेला की वर्ष व्हायच्या आत त्याचं नाव कुठूनही खोडत नाहीत. पाटीवरून नाही, हजेरीच्या फळ्यावरून नाही. कॉम्प्युटर बाहेरून आला असेल, पण तो ठेवलाय आमच्या गावात, त्यालाही हाच कायदा. नवे साहेब एकदा म्हणाले, "मेलेली माणसं लिस्टमध्ये कशाला?" तर युनियनचे म्हातारे पुढारी म्हणाले, "साहेब, तेरवीचं जेवण तं पचू द्या." फिटर भाऊ लिस्टीतच राहिले. आणि घरी त्यांचा मोबाइल त्यांच्या बाईनं चार्ज करून भिंतीतल्या देवळीत ठेवलेला. मेल आला की वाजायचा. त्या म्हणायच्या, "वाजला का वाटते, त्यायले कोणीतरी कामाले बोलावलं."

पावसाळा संपत आला होता. एका सकाळी गेटवरचे चौकीदार काका माझ्या टेबलापाशी आले. टोपी हातात. हा माणूस गेट सोडून कधी आत आला नव्हता.

"बाबू, माह्यी पोट्टी बाळंत झाली. चंद्रपूरले दवाखान्यात हाये. सिकलवाली हाये ना ती. रक्त थांबून नाई राह्यलं."

"कोणता ग्रुप?"

"तोच. न भेटणारा. एक बाटली होती, ते लावली. डॉक्टर म्हणते, अजून आणा."

मी ओ निगेटिव्हच्या लिस्टीला मेल टाकला. पाठोपाठ पत्ते परत येऊ लागले: हा पत्ता बंद, हा डबा भरलेला, हा माणूस ओळखत नाही. कोणी बदलून गेलेला, कोणी रिटायर. एवढी भरलेली दिसणारी लिस्ट आतून पोकळ निघाली. आणि तेवढ्यात नेट गेलं. रस्ता रुंद करणाऱ्यांनी केबल तोडली होती. आमच्याकडे रस्ता एक फूट वाढला की केबल दोनदा तुटते, ही थाप नाही.

काका म्हणाले, "कोणी तरी येईन ना?"

"येतीन काका. ओ निगेटिव्हवाले वाट पाहतच बसले हायेत," मी म्हणालो. ते दवाखान्यात निघून गेले.

नेट आलं तेव्हा जेवणाची सुट्टी उलटून गेली होती. लिस्टीत पहिलं उत्तर आलेलं होतं. फिटर भाऊंचं.

"येऊन राह्यलो."

भुताखेताच्या गोष्टी मी गावोगाव विकल्या आहेत. पण त्या दोन शब्दांसमोर माझ्या हातातला माऊस गार पडला. खाली गुरुजींचं उत्तर: "गाडी काढली होती. भाऊ जात आहेत असे दिसते, म्हणून शाळेत परतलो. पेशंटला शुभेच्छा."

गुरुजींना काय माहीत? त्यांच्यासाठी फिटर भाऊ म्हणजे एक पत्ता, नेहमी पहिला येणारा.

मी लिहिलं, "ते वारले आहेत, तुम्ही निघा." मग शाळेचा नंबर शोधून फोन केला. गुरुजी मोटरसायकल पिटाळत गेले. त्यांचं रक्त घेतलं, तपासलं, बाटली वर नेली. तोवर पोरीची खाट रिकामी झाली होती. बाळ राहिलं.

दवाखान्याच्या पायरीवर फिटर भाऊंची बाई बसली होती, हे गुरुजींनीच मला सांगितलं. पदरात नवऱ्याचं रक्तदानाचं कार्ड, हातात मोबाइल. मेल वाजला, तिनं कोणाकडून वाचून घेतला, आणि नवरा करायचा तेच केलं. पहिलं अक्षर दाबलं की मोबाइल पुढचं स्वतःच लिहायचा. मग चपला घातल्या आणि बस धरली. तिथे रक्त तपासलं, तर गट वेगळा, आणि तिच्याच अंगात रक्त कमी. नर्स म्हणाली, "बाई, तुमचं चालत नाई." ती म्हणाली, "त्यायनं कधी कोणाले नाई म्हटलं नाई जी. मी कशी घरी बसू?" तिला शेवटच्या बसनं परत पाठवलं. गुरुजी तिकडे बाटली देत होते, एवढंच तिनं पाहिलं.

काही दिवसांनी ती गेटवर आली. मी खिडकीतून पाहिलं आणि पळत गेलो. रस्ताभर थाप जुळवत गेलो. मोठी, गोलमटोल, पोरीला नागपूरला पाठवून बरी करणारी. माझ्यासारख्याला काय कठीण? पण मी पोचेपर्यंत तिनं चौकीदार काकांपुढे डबा केला होता. डिंकाचे लाडू. तूप डब्याबाहेर आलेलं.

"भाऊ, पोट्टीले द्या. बाळंतीण हाये. माह्याच्यानं त्या दिवशी काई झालं नाई, पण गुरुजी पोचले ना?"

चौकीदार काकांनी डबा दोन्ही हातांनी घेतला.

"पोचले, बाई."

"मंग आता कशी हाये?"

मी तोंड उघडलं. माझी जीभ, सरत नाही म्हणून नावाजलेली, टाळ्याला चिकटली.

"बरी हाये," काका म्हणाले. "बाळाले पाजून राह्यली. तुमचे लाडू आवडन तिले."

ती हसली. "त्यायले सांगते," म्हणाली आणि गेली. काका ती वळेपर्यंत ताठ उभे होते. मग केबिनमध्ये जाऊन डबा खुंटीला लटकवला आणि ट्रकची पावती फाडू लागले. त्या दिवशी डब्याचं झाकण त्यांनी उघडलं नाही. आमच्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत. पुढच्या बाजाराला त्यांनी तो घासून, त्यात नवे तांदूळ भरून तिच्या घरी नेऊन दिला. "लेकीनं पाठवले," म्हणून.

साहेबांनी आता हुकूमच काढला. मेलेल्यांची नावं काढा, वर्ष होवो न होवो. या वेळी पुढारी काही बोलले नाहीत. मी बसून सगळ्या लिस्टी छाटल्या. फिटर भाऊंचं नाव ओ निगेटिव्हमधून काढलं.

त्यानंतर मोबाइल वाजेना, म्हणून बाई विचारायला आल्या. त्यांच्यापुढे गेटवर चौकीदार काका उभे. मी दोघांकडे पाहिलं आणि आत येऊन एक नवी लिस्ट केली. तिच्यात एकच पत्ता आहे. दर सोमवारी मी तिला मेल टाकतो: "भाऊ, आज कोणाले गरज नाई. घरीच राहा."

थोड्या वेळानं उत्तर येतं. येऊन राह्यलो.