आईच्या जिभेसाठी धानोऱ्याची तिखी भाजी

माझी आई माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवल्याशिवाय जेवत नाही. पण पावसाळ्यातल्या तापानंतर तिच्या तोंडाची चवच गेली आणि ती मुकाट्यानं जेवायला लागली. मला ते बघवेना. एक दिवस म्हणाली, "आमच्या बोडीतली तिखी भाजी असती त काही लागलं असतं तोंडाले." बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं गावतळं, आणि आईचं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातलं मूल. त्याच आठवड्यात मी पुण्याहून नागपूरची गाडी पकडली. मूठभर पाल्यासाठी एवढी लांब जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच!

नागपूरहून पुढे एसटी. धान कापल्यावर जा, दोन्ही बाजूंना रचलेले पुंजणे, म्हणजे धानाच्या भाऱ्यांचे ढीग, बघत वेळ छान जातो. मूलला मामीनं गरम भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि सुक्या झिंग्यांची चटणी वाढली. मी तीनदा भात घेतला. भाजीचं विचारलं तर मामी हसली.

"आता सारे तणावर फवारे मारतेत वो. इथी कुठी राह्यली तिखी भाजी? धानोऱ्याले माह्या बहिणीकडे जा."

दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला बस बदलली. तिथून पुढे गाड्या कमी, म्हणून सकाळीच निघा आणि डबा जवळ ठेवा. गडचिरोली मागे पडलं की थोड्या वेळानं जंगल सुरू होतं, मग मोबाईलचं काही खरं नाही. मामीची बहीण तानीबाई स्टँडवरच उभी होती. साठीची बाई, पण बोडीपर्यंत मला पळवलंच तिनं.

करंगळीच्या नखाएवढी पानं ओल्या चिखलावर पसरली होती. एक चावलं. आधी काहीच नाही, मग मिरी फुटावी तसा झणका थेट नाकात. (ओळखीचं माणूस सोबत असल्याशिवाय रानातला पाला तोंडात टाकू नका.) मला इतका आनंद झाला की मी मूठमूठ उपटायलाच बसले. मंडईत मेथीची जुडी मुळांसकट मिळते, हात तेच शिकलेले.

"काऊन उपटून राह्यली वो?" तानीबाई ओरडली. "शेंडे खुडाचे! मूळ बोडीचं आहे, आपलं नाई."

मी ओशाळले.

"आता लाव परत. उपटलं ते लावल्याबिगर आमच्या इथी कोणी घरी जात नाई."

चिखलात गुडघे टेकून मी एकेक रोप लावलं. शेवटची चार मात्र तिनं ओल्या फडक्यात बांधून दिली. "हे तुया मायले. तिच्या हातानं लावाले सांग."

पुण्याला पोचेपर्यंत खुडलेली पानं काळी पडली होती. आईनं चावून बघितली, म्हणाली, "नुसता पालाच लागून राह्यला." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आईनं मात्र ती चार रोपं तेलाच्या जुन्या डब्यात लावली आणि रोज पाणी घालत राहिली.

तीन आठवड्यांनी कोवळे शेंडे आले. आईनं नखानं एक खुडला, चावला आणि ठसकली. डोळ्यांतून पाणी! भाजीचा गुण की दिवसांचा, कोण सांगणार. जेवायला बसली, पहिला घास घेतला आणि ताट पुढे सरकवलं.

"वरणात मीठ नाई टाकलं काऊन?"

मीठ नेहमीएवढंच होतं. मी हसत उठले आणि मिठाचा डबा आणला.