बर्निसचा उजवा पाय

ऑगी हुदाकच्या गाडीला परक्या माणसाचा पाना कधी लागलेला नाही. आमच्या टेकडीवर हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ऑगीनं ते प्रत्येकाला धरून सांगितलेलं आहे. चर्चच्या तळघरात शुक्रवारी तळलेला मासा घेऊन बसावं, आणि शेजारची खुर्ची ओढून ऑगी बसला, की मासा गार झाला म्हणून समजायचं. चौसष्ट सालची हिरवी स्टेशन वॅगन. तिचं इंजिन त्यानं उतरवलं, गिअरबॉक्स त्यानं उघडला, खालचा गंजका पत्रा कापून नवा जोडला. रंगसुद्धा त्यानं स्वतः ब्रशनं दिला आहे. जरा लांबून पाहिलं तर कळतही नाही, असं तो म्हणतो. मी समोरच्या घरात राहते. कळतं.

जुन्या गाड्यांची खास नंबरपाटी लावून घेतलीस तर दरवर्षीची तपासणी चुकेल, असं मी त्याला एकदा सुचवलं होतं.

"जुनी म्हणजे जी चालवत नाहीत ती, मार्ज," तो म्हणाला. "ही मी रोज चालवतो."

म्हणून दर ऑक्टोबरात तो वॅगन लेनीच्या गॅरेजात तपासणीला न्यायचा, आणि तिथं चाकांचे नटसुद्धा स्वतः सोडायचा. लेनी हात मागे बांधून उभा. बघून झालं की तो काचेवर पास झाल्याचा स्टिकर चिकटवायचा आणि ऑगी छाती काढून टेकडी चढायचा.

हे सगळं खरं आहे. फक्त या सगळ्या गोष्टीत एक पाय राहून जातो. त्याच्या बायकोचा, बर्निसचा, उजवा.

ब्रेकचं काहीही काम निघालं की शेवटी पाइपांत शिरलेली हवा काढावी लागते, आणि त्याला माणसं लागतात दोन. एक गाडीखाली, चाकामागच्या निपलला, म्हणजे छोट्या तोटीला, पाना लावून. दुसरं वर, पेडलवर. खालचा म्हणतो दाब, वरचा दाबतो. खालचा म्हणतो धर, वरचा पाय तसाच धरून ठेवतो. तेवढ्यात खालचा निपल जरासा सैल करतो, ऑइलबरोबर हवा फसकन बाहेर पडते, आणि निपल आवळला की मग 'सोड'. त्याआधी पाय उचलला तर गेलेली हवा उलटी आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

लग्न झाल्यापासून ऑगी खाली आणि बर्निस वर. तो अंगणातून हाक मारायचा आणि ती असेल तशी यायची. पिरोगीच्या, म्हणजे आमच्याकडच्या उकडलेल्या करंज्यांच्या, पिठानं हात भरलेले असले तर ते स्टिअरिंगला लागू नयेत म्हणून वर धरून बसायची, जणू कुणी बंदूक रोखली आहे. "दाब. धर. धर म्हटलं ना, बाई. सोड." आमच्या रस्त्यावरची पोरं आईबाबा म्हणायच्या आधी हे शब्द शिकली. नवी राहायला आलेली एक बाई तर मला हळूच म्हणाली, समोरच्या घरात काही बरं चाललेलं दिसत नाही. मी म्हटलं, चाललंय ना, ब्रेकचं चाललंय.

आणि ब्रेक छान झाले की ऑगी सांगायचा, मी केले. बर्निस तोवर आत जाऊन पिरोगी उकळत्या पाण्यात सोडत असायची.

गेल्या हिवाळ्यात ऑगीला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. वाचाही परत आली. त्यासाठी आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली होती, पण इतकी भरभरून येईल असं वाटलं नव्हतं. डावा हात आणि डावा पाय मात्र मनासारखे वागेनात. गाडी बर्निस चालवायला लागली आणि ऑगी शेजारी बसून तिला गाडी कशी चालवायची ते सांगायला लागला.

ऑक्टोबर आला, तपासणीची तारीख आली, आणि नेमकं मागच्या उजव्या चाकातून ब्रेक ऑइल गळायला लागलं.

त्यांचा मुलगा ग्रेग रविवारी पिट्सबर्गहून आला. चांगला पोरगा आहे, काळजी करतो, आणि काळजी केली की हुकूम सोडतो. मी कॉफीकेक घेऊन गेले होते, त्यामुळे सगळं मला बसल्याजागी ऐकायला मिळालं.

"बाबा, शनिवारी गाडी ओढून न्यायला टो ट्रक येईल. मी बोललोय त्यांच्याशी. आमच्या तिकडचे गॅरेजवाले ब्रेक करून देतील."

ऑगीनं खिडकीतून वॅगनकडे बघितलं. तो गप्प बसला की मला भीती वाटते.

"आणि तेही नको असेल तर विकून टाका," ग्रेग म्हणाला. "घ्यायला माणसं रांग लावतील."

"रंग बघितलाय का त्यांनी?" मी विचारलं.

"ती दुरुस्तीला गॅरेजात गेली," ऑगी शेवटी म्हणाला, "तर मग ती माझी कशी राहिली?"

आता मला सांगा, यावर कुणी काय बोलायचं. माणसाचा हात गेला, पाय गेला, गाडी चालवायचं गेलं. उरलं होतं ते एवढंच, की ही गाडी दुसऱ्या कुणी उघडलेली नाही. आणि शनिवारी तेही जाणार होतं.

ग्रेगनं पिशवीतून एक हातपंप काढला. निपलला लावून ओढायचा, हवा आपोआप बाहेर. "हा तुमच्यासाठी आणला होता, झटक्याच्या आधीच. यानं एकटा माणूस सगळं करू शकतो."

बर्निसनं पंप हातात घेतला, उलटासुलटा बघितला. "मग दुसऱ्यानं काय करायचं?"

"दुसऱ्याची गरजच नाही, आई."

"असं," म्हणाली आणि पंप फ्रिजवर ठेवून दिला. मग ऑगीकडे वळली. "तुझा उजवा पाय चालतो ना?"

"चालतो की."

"पेडलला तेवढाच लागतो. मी खाली जाते."

ग्रेग म्हणाला, आई, काहीतरीच काय. ऑगी म्हणाला, तुला काय येतं त्यातलं. बर्निसनं दोघांना केकचा एकेक तुकडा वाढला. विषय संपला.

सोमवारी ती ऑगीचा निळा डगला चढवून, बाह्या दुमडून अंगणात उतरली. ऑगी खुर्ची टाकून बसला होता आणि एकेक गोष्ट सांगत होता. पण मजा अशी, की त्यानं 'आता बारीक' म्हणायच्या आत तिचा हात बारीक पान्यावर गेलेला असायचा. इतकी वर्षं पाने आणून देणारीला पुढचा कुठला मागवला जाईल हे कळणारच. मागच्या चाकाचा गळका भाग तिनं बदलला, ब्रेकचा ड्रम परत चढवला, गालाला काळं फासून घेतलं, आणि चाकं लावलेल्या फळीवर पाठ टेकून गाडीखाली शिरली.

"बस वर," खालून आवाज आला.

ऑगी कसाबसा स्टिअरिंगमागे बसला. मी माझ्या ओसरीवरची खुर्ची पुढे ओढली. असा योग रोज येत नाही.

"दाब."

"दाबलं."

"धर. अरे धर. ऑगी, पाय उचललास तू."

"मी बघत होतो तुला दिसतंय का नीट."

"मला दिसतंय. तू बघायला बसलेला नाहीस, दाबायला बसला आहेस."

मी रस्त्यापलीकडून म्हटलं, "बर्निस, त्याला बाई म्हण, मग समजेल." ऑगीनं माझ्याकडे असं बघितलं की मी कप तोंडाला लावला.

पुन्हा दाब, पुन्हा धर. ऑगीला राग आला होता आणि रागावलेला माणूस जसा दाबतो तसा तो दाबत होता, पार तळापर्यंत, गाडीच्या लोखंडाला पेडल टेकेस्तोवर. काही वेळानं त्याचा आवाज बदलला.

"बर्न."

"काय?"

"पेडल खाली चाललंय. आपोआप."

ती बाहेर आली. पेडलच्या वरून, जिथून दांडा पुढे जातो तिथून, ऑइल ओघळत होतं. ऑगीचा बूट भिजला होता. मास्टर सिलिंडर गेला होता. म्हणजे ब्रेकची मुळाची जागा, जिथून सगळ्या चाकांना जोर जातो, तीच.

"तळापर्यंत दाबलंस?" बर्निसनं विचारलं.

"मग कुठपर्यंत दाबायचं?"

"मी कधीच तळापर्यंत नेत नाही."

"मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पूर्ण दाब."

"सांगितलं होतंस."

"मग?"

"खाली गेलं की पायाला खरखर लागायची. बरं नाही वाटायचं. मी दोन बोटं वरच थांबवायचे."

ऑगी भिजलेल्या बुटाकडे बघत बसला. मग तो काठी टेकत घरात गेला. मी केकचं ताट परत मागायला म्हणून संध्याकाळी डोकावले, तर बर्निस म्हणाली, फोन करून ठेवलाय, रबरांचं किट गुरुवारी येतंय, टो ट्रकच्या आधी. तिचं बोलणं शांत होतं, पण ताट तिनं मला न धुताच दिलं. बर्निसनं. तेव्हा मला कळलं की तिलासुद्धा धास्ती वाटते आहे.

गुरुवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली होती आणि जिथं एरवी हॅम असतं तिथं मास्टर सिलिंडर होता. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण दार उघडं होतं. ऑगीनं आत बोट घातलं आणि हळूहळू फिरवत पुढे नेलं. मध्येच थांबला.

"इथं," तो म्हणाला. "इथून पुढे गंज आहे. रोजच्या चालवण्यात आतल्या दट्ट्याचं रबर इथवर येतच नाही. तळापर्यंत दाबलं की यावर घासतं आणि फाटतं."

बर्निसनं आपलं बोट घातलं. "हं. हीच खरखर."

"मला का नाही सांगितलंस कधी?"

"तू विचारलंस कधी? ब्रेक लागत होते. तू खूश होतास."

ऑगीनं चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता. मग तो जे म्हणाला ते मी कानांनी ऐकलं म्हणून सांगते, नाहीतर माझाच विश्वास बसला नसता. तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं हा सिलिंडर तू टिकवलास."

"चल, पॉलिश पेपर दे इकडे," बर्निस म्हणाली. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या तिच्या.

लाकडी डावाच्या दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळून त्यांनी तो सिलिंडर आतून घासला, पुसला, पुन्हा घासला. नवी रबरं ऑइलमध्ये बुडवून एकेक आत सरकवली. शेवटची कडी बसवताना आतली स्प्रिंग दाबून धरावी लागते. ऑगीनं उजव्या हाताच्या अंगठ्यानं ती दाबली, अंगठा पांढरा पडला, आणि बर्निसनं पक्कडीनं कडी खाचेत बसवली. दोघांचे मिळून तीन हात होते आणि तीनही लागले.

शुक्रवारी पुन्हा अंगणात. या वेळी बर्निसनं खाली जायच्या आधी एका पायातली सपात काढली आणि पेडलखाली ठेवली.

"हे काय?"

"याच्या खाली जायचं नाही."

"मला कळतं आता, बर्न."

"कळतं. तरी राहू दे."

एका पायात सपात आणि एक पाय नुसत्या मोज्यात, अशी ती गाडीखाली गेली. आधी सर्वांत लांबचं चाक, मग त्याच्या अलीकडचं, असं करत ती चारही चाकांशी सरपटली. दाब, धर, सोड. ऑगीनं एकदाही पाय लवकर उचलला नाही, आणि मला टोमणा मारायला एकसुद्धा जागा ठेवली नाही. शेवटी ऑगीनं पेडल दाबलं आणि ते अर्ध्यातच थांबलं, दगडासारखं. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा.

"पुरे, ऑगी."

"बघू दे जरा."

दुपारी त्यांनी वॅगन लेनीकडे नेली. मी मागे बसले. मला त्या बाजूला काम होतं असं मी सांगितलं. लेनीच्या दारात ऑगी सवयीनं उतरायला लागला, पण चाकाचे नट सोडायला बर्निस आधीच वाकली होती. लेनी हात मागे बांधून उभा राहिला. त्यानं चारही ड्रम बघितले, पाइप बघितले, मग गाडीत बसून पेडल दाबलं, आणि दाबूनच बराच वेळ बसला. ऑगी काठीवर भार टाकून त्याच्या बुटाकडे बघत होता, डोळ्यांची पापणी न हलवता.

"असं पेडल नव्या गाडीतही मिळत नाही," लेनी म्हणाला. "छान काम, ऑगी."

ऑगीनं तोंड उघडलं. मग मिटलं. मी मागून खोकले, अगदी जोरात, पण उपयोग झाला नाही. बर्निस नट आवळण्यात गुंतली होती. लेनीनं स्टिकर चिकटवला, ग्रेगला फोन झाला, टो ट्रक रद्द झाला, आणि आम्ही निघालो.

घरी यायचा सोपा रस्ता नदीच्या कडेनं आहे. बर्निसनं तो घेतला नाही. ती वरून गेली आणि जुन्या गिरणीच्या उतारावर गाडी घातली. तो उतार असा आहे की हिवाळ्यात पालिका तिथं साखळी लावून रस्ता बंद करते. मी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. बरोबर मधोमध, जिथं खालचं गाव नुसतं छपरांचं दिसतं, तिथं तिनं ब्रेक दाबला.

वॅगन थांबली. घसरली नाही, हलली नाही, आवाजसुद्धा केला नाही.

"काय झालं?" ऑगीनं विचारलं.

"काही नाही," बर्निस म्हणाली. "उभी राहते का ते बघते आहे."

उभी राहिली होती. बर्निस तशीच बसून राहिली, पाय पेडलवर, हात मांडीवर, आणि खालच्या छपरांकडे बघत. मागून एक पिकअप आला आणि त्यानं हॉर्न दिला. बर्निस हलली नाही. त्यानं पुन्हा दिला, लांबलचक. तेव्हा ऑगीनं उजव्या हातानं काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि त्या बिचाऱ्या अनोळखी माणसाला, जो फक्त घरी जायला निघाला होता, संपूर्ण उतारावर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"ब्रेक बघतोय. माझ्या बायकोनं केलेत. थांब जरा, तुलाही बघायला मिळेल."