एकच हॉल

बावड्यातल्या सारजाताई शिवणक्लास चालवतात. यंदा क्लासच्या बायकांनी खोपोलीकडच्या वॉटर पार्कची सहल ठरवली आणि हॉटेल निवडायचं काम ताईंवर टाकलं. पार्कला लागूनच असलेल्या रिसॉर्टमध्ये दोघींना एक अशा एसी खोल्या होत्या. दुसरं रिसॉर्ट लांब आणि साधं होतं, पण तिथं सगळ्यांना मिळून एकच मोठा हॉल मिळत होता. ताईंनी हॉल घेतला, आणि आता बायका नाराज होतील म्हणून त्यांना घोर लागला.

भिगवणला गाडी चहाला थांबली, तेव्हा त्यांनी भीत भीत ते सांगितलं.

"बरं केलंस सारजा," म्हाताऱ्या जयवंताकाकू म्हणाल्या. "परक्या जागी खोलीत कोंडून मला झोप न्हाय येत. त्याच काळजीनं मी येणारच नव्हते, पण तुमच्यासाठी निघाले."

"आमीबी त्याच काळजीत हुतो," बाकीच्या म्हणाल्या.

मग कुठं ताईंना चहा गोड लागला.