मागांनंतरचा पियानो

आमच्या बँडची तालीम अक्कलकोट रोड एमआयडीसीत, माझ्या वडिलांच्या टॉवेलच्या कारखान्यामागच्या खोलीत चालायची. तिथं आवाजाची तक्रार करायला कुणी नव्हतंच. भिंतीपलीकडे माग धडधडत असायचे, त्यांच्यापुढं आमचेच स्पीकर बिचारे कमी पडायचे. मी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे आणि गायचे, म्हणजे खरं तर ओरडायचे. सोलापुरातल्या मुलीनं रॉक वाजवावं याचं लोकांना आधी नवल, मग कौतुक, आणि शेवटी लग्नाचं कधी बघणार ही चौकशी. मला या सगळ्याचाच राग यायचा आणि त्या रागावर बँड बरा चालला होता.

माझे वडील, अप्पा, एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. भिंतीतून ऐकू येतं की, म्हणायचे.

कारखान्यात त्यांची एक सवय होती. जेवताना घास हातात असला तरी माग गप्प झाले की ते उठायचे, आधी पंख्याकडे बघायचे, मग दाराजवळच्या बोर्डापाशी जायचे. कामगारही माना वर करून पंख्याकडेच बघायचे. शांतता म्हणजे लाइट गेली, दुसरं काही त्यांच्या डोक्यात येतच नसे. लाइट आली की बोर्डावरचा लाल दिवा बघून अप्पा मोठ्यानं सांगायचे, "लाइट हाय. चालू करा." घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण हे कामगारांना सांगायचं म्हणून कायम मराठीत. एवढं म्हटलं की लगेच धडधड सुरू.

मग त्यांचे गुडघे गेले, टॉवेलचं गिऱ्हाईकही आटलं, आणि त्यांनी माग विकून टाकले. त्यानंतरच्या तालमीला मी गिटारीवर पहिला फटकारा मारला आणि स्वतःच दचकले. पलीकडे काहीच नव्हतं. इतकी वर्षं मी कुणाच्या वरताण ओरडत होते, हे तेव्हा कळलं. तालीम अर्धी टाकून निघाले. त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. घरात भांडी आपटायची, कारण नसताना गाडी काढून होटगी रस्त्याला चक्कर मारायची, परत येऊन पुन्हा चिडायचं. अप्पाही या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचे. एकमेकांना विचारायचं मात्र नाही.

मी एका शाळेत संगीत शिकवते. तिथल्या हॉलमध्ये प्रार्थनेसाठीचा पियानो आहे, लहानपणी त्यावरच थोडंफार शिकले होते. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर बसले. काही ठरवलं नव्हतं. एक पट्टी दाबली आणि तो सूर विरेपर्यंत ऐकत राहिले, मग दुसरा आपोआप सुचला. रोज जायला लागले. ना चाल, ना शब्द, काल वाजवलेलं आज आठवायचंही नाही. अडचण एकच होती, दोन सुरांमधली मोकळी जागा. तिथं माझे हात शिवशिवायचे. घाईनं काहीतरी भरायचे आणि सगळं बिघडवून बसायचे.

आमच्या ड्रमरला सांगितलं तर तो म्हणाला, तू म्हातारी झालीस. पुण्याच्या एका कार्यक्रमासाठी बँडला माझं उत्तर हवं होतं. शाळेच्या हॉलमध्ये एकटीनं पियानो वाजवणार आहे, त्यानंतर सांगते, म्हटलं. मनाशी पैज लावली होती: अप्पा शेवटपर्यंत बसले तर पियानो, मधेच उठून गेले तर मुकाट्यानं गिटार. पैज मूर्खपणाची होती, तरी लावली.

अप्पा आले. इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले. आमची मागवाल्यांची गल्ली आली होती, जुने कामगार आले होते, शाळेतले शिक्षक होते. मी सुरू केलं आणि डावा हात आपोआप मागासारखा धडधडायला लागला. उजवा त्याच्याशी भांडत राहिला. आवाज वाढत वाढत इतका झाला की मलाच सोसेना, आणि मी दोन्ही हात उचलले. सूर विरला. या वेळी भरायचं नाही, असं ठरवून थांबले.

खुर्च्या करकरल्या. वळून पाहिलं तर अर्धी गल्ली पंख्याकडे बघत होती. पंखे फिरत होते. आणि अप्पा उठले होते. खुर्च्यांना धरत धरत ते दाराकडे निघाले होते. संपलं, ड्रमरला आज फोन करायचा, एवढंच मनात आलं.

दारापाशी ते थांबले. भिंतीवरच्या बोर्डाकडे वाकून त्यांनी लाल दिवा बघितला आणि वळले.

"लाइट हाय," त्यांनी तिथूनच मोठ्यानं सांगितलं. "चालू करा."

शिक्षक हसले. जुन्या कामगारांतलं कुणी हसलं नाही, ते सरसावून बसले. माग विकल्यापासून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. डोळे भरून आले, पट्ट्या दिसेनात. अप्पा गुडघा धरून सावकाश परत निघाले. हात मांडीवर ठेवून मी त्यांच्याकडे बघत राहिले. हात शिवशिवले नाहीत. अप्पा खुर्चीत टेकले, आणि मग मी चालू केलं.