किल्लीकाकांचे जास्तीचे सात दिवस

शाळेच्या शिपायाला सगळे किल्लीकाका म्हणत. कमरेला अठरा किल्ल्यांचा जुडगा, त्यामुळे माणूस दिसायच्या आधी ऐकू येई. एकतीस वर्षं त्यांनी ती शाळा उघडली आणि बंद केली. मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, तिथं ते आणि काकू राहत. दुसऱ्या देशातून आलेलं हे जोडपं. पण गल्लीतल्या निम्म्या बापांना काकांनीच लहानपणी नाक पुसून वर्गात बसवलेलं. आता त्यांना परकं कोण म्हणणार? कागद म्हणायचा. कागदाला काय, लाज ना शरम.

प्रत्येक निवडणुकीला शाळेच्या हॉलमध्ये मतदान व्हायचं आणि मांडामांड काकांच्या गळ्यात पडायची. आडोशाच्या फळ्या उभ्या करायच्या, प्रत्येक आडोशात दोरीनं पेन्सिल बांधायची. पेन्सिलीला टोक काढलं की ते रद्दीवर एक फुली मारून बघत. काकू दारातून विचारत, झालं का मतदान? काका म्हणत, झालं, आठ मतं टाकली. विनोद पार शिळा झाला होता, पण दुसरा होता कुठे?

नागरिकत्व का नाही घेतलं म्हणाल, तर ते घ्यायचं म्हणजे आधीचं सोडायचं. थोरला भाऊ तिकडे एकटा होता. सख्ख्या भावाच्या दारात जायला परवाना काढायचा, हे काही काकांच्या गळी उतरलं नाही. आज करू, उद्या करू म्हणत ते राहून गेलं.

मग एका वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या. पोरं कमी झाली, तेव्हा शाळा बंद करून जागा विकावी, असं नगरपालिकेच्या मनात आलं. त्यावर लोकांचं मत घ्यायचं ठरलं. आणि त्याच सुमारास नवा नियम निघाला, की गावात सलग दहा वर्षं राहिलेल्या परदेशी माणसालाही गावच्या प्रश्नावर मत देता येईल. शाळा गेली तर नोकरी जाणार, दोन खोल्याही जाणार. साठी उलटल्यावर जायचं कुठे? पण आता हातात मत येणार होतं. काका इस्त्रीचा सदरा घालून निवडणूक कचेरीत गेले.

तिथला कारकूनही काकांनी नाक पुसलेल्यांपैकीच. पासपोर्ट चाळता चाळता तो एका पानावर थांबला. दहा वर्षांत एका वेळी सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलेलं चालत नाही, असं नियमात होतं. चार वर्षांपूर्वी काका भावाच्या आजारपणात काकूंना घेऊन तिकडे गेले होते, तेव्हा सहा महिने आणि सात दिवस भरले होते. म्हणजे दोघांनाही मत नाही.

ते सात दिवस कसे झाले ते ऐकाल तर कपाळाला हात लावाल. भाऊ गेला, मागचं सगळं आवरलं, परतीची तिकिटंही काढून झाली. पण सोळा दिवसांनी तिकडे मतदान होतं. जन्मात एकदा तरी आपल्या हातानं मत टाकू, म्हणून या शहाण्या माणसानं दोघांची तिकिटं पुढे ढकलली. मतदानाला तीन तास रांगेत उभे राहिले. यादीत त्यांच्या नावावर रेघ मारलेली होती. जो देशात राहत नाही त्याला मत नाही, असा तिकडचा कायदा. तेलही गेलं, तूपही गेलं. हाती धुपाटणं आलंय हे मात्र काकांना चार वर्षांनी या कचेरीत कळलं.

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. त्यांना वाटलं, आता काकू चिडतील. काकू चिडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, की भांड्यांसाठी खोकी बघायला हवीत. त्यापेक्षा चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मतदानाच्या सकाळी काकांनी नेहमीसारखा हॉल मांडला. टोकं काढली, पण फुली मारून बघितली नाही, आणि काकूही दारात आल्या नाहीत. दिवसभर लोक येत राहिले. शाळेत कधी पाऊल न टाकलेले आले, गेल्या वर्षी राहायला आलेलेही आले. ज्यांना हॉल सापडेना त्यांना काकांनीच वाट दाखवली. काय करणार, कामच होतं ते.

संध्याकाळी तिथंच मोजणी झाली. एकशे बेचाळीस मतांच्या फरकानं शाळा बंद करायचं ठरलं. कारकून धीर द्यायला काकांजवळ आला.

"मनाला लावून घेऊ नका, काका," तो म्हणाला. "तुम्हा दोघांच्या दोन मतांनी काय होणार होतं? हरलाच असता."

"हरलो असतो रे," काका म्हणाले. "पण मी हरलो असतो. आता मला नुसतं कळवलंय."

कारकुनाला कागद पोचवायचे होते, तो गेला.

दर वेळी काका पेन्सिली दोरीसकट गुंडाळून ठेवत, पुढच्या खेपेला उपयोगी पडतात म्हणून. त्या दिवशी त्यांनी आठही गाठी सोडवल्या, पेन्सिली टेबलावर ठेवल्या आणि दोऱ्या घेऊन मागच्या खोल्यांकडे गेले. काकूंना खोकी बांधायला दोरी हवी होती.