भावाला घेऊन या

बंगळुरात बसवनगुडीतल्या आमच्या बागेत रोज सकाळी माकडटोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसत. बेळगावकडच्या एका तालुका कोर्टात वकिली सुरू करून ते थेट सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, हे मला नारळपाणीवाल्या अण्णाकडून कळलं. नाव विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

बाकावर कुणी बोलू लागलं की ते चष्मा काढून डोळे मिटत आणि निमूट ऐकत. म्हणून एकदा मीही माझं गाऱ्हाणं काढलं. वडिलांच्या घरावरून धाकट्या भावाशी दोन वर्षं अबोला होता. माझं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी हात वर केला.

"भाऊ कुठं असतात तुमचे?"

"चिकपेटला. साड्यांचं दुकान आहे."

"मग त्यांना घेऊन या की! एकाच बाजूचं ऐकलं की तीच खरी वाटते हो. जन्मभर मी तेवढंच सांभाळलं."

मला रागच आला. आठवडाभर मी बागेत फिरकलो नाही. शेवटी भावाला फोन केला आणि सांगितलं, "जज्जसाहेबांनी बोलावलंय."

तो आला. आम्ही त्यांच्या दोन बाजूंना बसलो. त्यांनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं, पण चष्मा काढला नाही. काठी उचलली.

"स्वल्प फिरून येतो. तोवर तुम्ही सुरू करा."

त्या दिवशी ते परत आलेच नाहीत. बाकाच्या भावाकडच्या टोकाला ऊन आलं, तसा तो सरकत सरकत त्यांच्या जागेवर, माझ्या शेजारी येऊन बसला.