कमळाबाईंची उन्हाळ्यातली हवा

वरोऱ्यात, नागपूर रस्त्याला कमळाबाईंचं पंक्चरचं दुकान आहे. त्यांचे यजमान लटारूभाऊ ट्रकवर असायचे, त्यामुळे कॉम्प्रेसर पहिल्यापासून बाईंच्याच हाती. उन्हाळा लागला की त्यांचा एक नेम असे: टायरात हवा कमीच भरायची. रस्ता तापला की भरलेला टायर फुटतो, असं सगळेच ड्रायव्हर सांगत. एकदा दुकानासमोरच एक टायर फुटला. त्या आवाजानंतर बाईंना कुणी सांगायची गरज उरली नाही.

मागच्या शेडमध्ये त्यांचा मुलगा प्रफुल शर्यतीच्या गाड्या तयार करतो. या मे महिन्यात माजरीच्या अतुलची गाडी त्याच्याकडे होती. रविवारी शर्यत, आणि गाडी प्रफुलच चालवणार होता. बाईंनी त्या चारही टायरांतली हवा गुपचूप उतरवली. नेहमीपेक्षा जरा जास्तच.

नागपूरला गाडीची चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजली, तेव्हा प्रफुल आणि अतुल दोघांचीही तोंडं उतरली. प्रफुलच्या हिशेबानं इंजिन एकशेतीस अश्वशक्तीचं होतं. गेअरबॉक्स आणि टायर मिळून शेकडा पंधरा खातात, म्हणजे चाकापाशी एकशेदहा यायला हवी होती. आली अठ्ठ्याण्णव.

"इंजिनच ढिलं आहे भाऊ," अतुल शेडमध्ये म्हणाला. "खोल."

"खोललं तर रविवार गेला."

प्रफुलनं जॅक लावला. चाक हातानं सहज फिरलं; ब्रेक कुठं घासत नव्हता. मग माजरीच्या सरळ रस्त्यावर साठच्या वेगाला गाडी न्यूट्रल करून सोडली. एरवी नाल्यावरची पुलिया ओलांडणारी गाडी आज तिच्या बरीच अलीकडे थांबली. कुठंतरी ताकद मुरत होती.

"टायर पाह्यले का?" अतुलनं परतल्यावर विचारलं.

"ते मायच्या हातचे. त्यात काय पाहाचं? गेअरबॉक्स पाहाचा त इंजिनही खोला लागन. आण पाना."

कमळाबाई दारातच उभ्या होत्या. गप्प राहिलं तर इंजिन खुलणार, शर्यत बुडणार आणि पोरगं घरी राहणार. त्यांना नेमकं तेच हवं होतं. पण महिनाभर खपून बांधलेल्या इंजिनावर तो आता स्वतःच्या हातानं पाना लावणार होता.

"हवा कमी आहे रे," त्या म्हणाल्या. "मीच काढली."

"काऊन?"

"फुटला असता त?"

प्रफुल टायरापाशी वाकला. मग त्यानं आईचा हात धरून टायरच्या कडेवर ठेवला. चटका बसला.

"कमी हवेनं टायर दबते, वाकते, त्यानंच तापते. फुटाचं भेव त्यालेच जास्त. अन् तेवढी ताकद जाते ते वेगळीच."

"काकू, माह्यं इंजिन खोलवत होत्या तुम्ही," अतुल हसला.

"तूच खोलाले निघाला होता. मले नको शिकवू."

हवा नीट भरल्यावर गाडी पुलिया ओलांडून गेली. दुसऱ्या दिवशी रोलरनं एकशेसहा दाखवली. उरलेली चार कुठं गेली, कळलं नाही. अतुलनं मान डोलावली; पाना पेटीतच राहिला.

रविवारी निघताना चारही टायर बाईंनीच तपासले.

"आता गाडी जास्त पळन का?"

"हो."

त्या व्हॉल्व्हचं शेवटचं टोपण बसवत होत्या. आटा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बसला आणि त्या गाडीपासून बाजूला झाल्या.